लाल दिव्याच्या अलीकडे

१९ जानेवारी, रविवार

आज दुकानात नवा डीजे मिक्सर आला. अप्पांनी तो रिक्षातून उतरवताना कुणाला हात लावू दिला नाही. पेटी उघडली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि मला म्हणाले, बस.

दुकानात एकच फिरती खुर्ची आहे आणि ती कृष्णाजीकाकांची. अप्पा आणि काका संकेश्वराहून एकाच गाडीने बंगळूरला आले. चामराजपेटेत हे साउंडचं दुकान अप्पांनी काढलं आणि पहिल्या दिवसापासून मिक्सर काकांनी सांभाळला. सव्वीस वर्षं झाली. मी उभीच राहिले, तेव्हा काका स्वतः उठले आणि फडक्याने खुर्ची पुसून बाजूला झाले.

मग अप्पांनी जाहीर केलं की पाडव्यापासून मिक्सर कस्तुरी बघणार, म्हणजे मी. कृष्णाजीने आता आराम करायचा, तोवर तिला काय ते दाखवायचं. काका कानडीत "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाले. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांना बरंच वाटलं असावं.

भिंतीवर देवांच्या शेजारी माझा पदवीचा फोटो लावला आहे. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला अप्पा तो दाखवतात. बी.एस्सी., इलेक्ट्रॉनिक्स. अप्पा चौथीपर्यंत शिकले, आईला सही येते. मला या फोटोची लाज वाटते आणि तो काढला तर वाईटही वाटेल.

२१ जानेवारी, मंगळवार

मिक्सरची माहितीपुस्तिका दोनदा वाचली. स्वतःला समजावं म्हणून इथे लिहिते. लॅपटॉपवरून दोन गाणी दोन चॅनेलवर येतात. प्रत्येक चॅनेलला वर एक गोल बटण असतं, गेन. गाणं आत किती जोरात शिरणार ते त्यावर ठरतं. खाली सरकपट्टी असते, फेडर. शेवटी सगळ्यांचा मिळून एक मास्टर. बाजूला दिव्यांची उभी रांग असते, हिरवे, मग पिवळे, मग लाल. लाल लागला की आवाज फाटू लागतो. आवाज चालला आहे तिथपासून तो फाटतो तिथपर्यंत जी मोकळी जागा ठेवायची, तिला हेडरूम म्हणतात.

आपल्या धंद्यात ही जागा कुणी ठेवत नाही. मिरवणूक असो की बारसं, सगळे लालमध्ये. म्हाताऱ्या माणसांनी कानांवर हात ठेवून जेवायचं आणि लहान मुलांनी रडायचं. साउंड म्हणजे त्रास, असंच लोकांना वाटतं. मला वाटतं, या शहरात निदान एक दुकान असं असावं की ज्याचा आवाज कधी फाटत नाही. हे काही फार मोठं स्वप्न नाही. फक्त शिस्त हवी.

काकांना विचारलं, तुमच्याकडेही कधीकधी लाल का लागतो? म्हणाले, "लागतो एखाद्या वेळी. गाण्याचा स्वभाव असतो." गाण्याला स्वभाव असतो म्हणजे काय, ते मला कळलं नाही. असा विचार करून काम नेमकं कसं होणार?

२६ जानेवारी, रविवार

माझं पहिलं काम. बनशंकरीला एका हॉलमध्ये बारसं होतं, दुपारचं. मी नऊलाच पोचले. रिकाम्या हॉलमध्ये गाणं लावलं, हॉलच्या चारही कोपऱ्यांत उभी राहून ऐकलं आणि गेनची खूण, घड्याळाचा काटा धरला तर, अकरावर ठेवली. वहीत नोंद केली. वहीत हॉलची लांबी, रुंदी, खुर्च्या, सगळं आहे.

जेवणाची पहिली पंगत बसली तेव्हा अप्पांनी मला बळेच पाठवलं. काकांना म्हटलं, तुम्हीही चला. ते म्हणाले मिक्सरपाशी कुणीतरी पाहिजे. परत आले तर हॉल भरलेला, आवाज अगदी सुरेख, पिवळ्याच्या टोकाला टेकून परत येणारा. एक आजी अप्पांना म्हणाल्या, गाणं चालू असताना शेजारणीशी बोलता आलं असं पहिल्यांदाच झालं. अप्पा म्हणाले, "माझ्या मुलीनं सेट केलंय." मला तिथेच उडी मारावीशी वाटली.

एकच गोष्ट कळली नाही. गेन अकरावर नव्हता. जवळजवळ एकवर होता. काकांना विचारलं तर ते टेबल पुसत होते. म्हणाले, सरकलं असेल.

२ फेब्रुवारी, रविवार

आज दुसरं काम, आणि पुन्हा तेच. सकाळी गेन साडेदहाच्या जागी ठेवला, दुपारी तो नऊच्या जागी. मागच्या वेळी पुढे गेला होता, या वेळी मागे आला. बेसच्या थरथरीने बटण सरकतं असं मी धरून चालले होते. पण थरथर एकाच दिशेने सरकवेल ना? की टेबल ज्या बाजूला कललं असेल त्या बाजूला?

आवाज मात्र छान होता. आता तिघांनी तसं सांगितलं आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मिक्सरखाली घालायला फोम आणला. मापात कापला. कंपनीला ईमेल लिहिलं की तुमची बटणं सैल आहेत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कंपनीचं उत्तर आलं. बटणं सैल नाहीत म्हणतात.

९ फेब्रुवारी, रविवार

काल एका कॉलेजच्या एथनिक डेला साउंड होता. साड्या नेसलेल्या मुली, लुंग्या नेसलेली मुलं, भर उन्हात नाच. गाणी लावायला मंजुनाथ होता. तो डीजे आहे, आमच्याच गल्लीतला, अप्पांच्या बहुतेक कामांना येतो. मी स्पीकरच्या तारा तपासायला दोनदा गेले आणि दोन्ही वेळा बटणं हललेली. फोम असूनही. मी मंजुनाथला विचारलं की तू हात लावलास का. त्याने आईची शपथ घेतली आणि हसत कानडीत म्हणाला, "अक्का, तुमचा मिक्सर फार हुशार आहे." काका दुसरीकडे बघत होते.

मंजुनाथला मिक्सर आवडला म्हणायचा. पण तो इतका वेळ का हसत होता?

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज काही काम नव्हतं तरी काका आले. के. आर. पुरमहून दोन बस बदलून. दिवसभर जुना मिक्सर पुसत बसले. एकेक बटण काढून, ब्रशने, मग पुन्हा बसवून. संध्याकाळी अप्पांना म्हणाले, हा मी घरी नेऊ का? अप्पा म्हणाले, काय करणार त्याचं? काका म्हणाले, असू दे.

मी त्यांना समजावलं की त्यात घरघर फार आहे, काही उपयोग होणार नाही. "व्हय ताई," म्हणाले आणि पिशवीत घालून घेऊन गेले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

प्रणिता नावाची मुलगी दुकानात आली. पुण्याची, इथे आयटीत आहे. बारशाच्या कार्यक्रमात ती होती. रविवारी सकाळी तिची हळद आणि संगीत एकत्र आहे, त्याच बनशंकरीच्या हॉलमध्ये. तिचे आजोबा पुण्याहून येणार आहेत, शहाऐंशी वर्षांचे. त्यांच्या आवडीची फार जुनी गाणी तिने मिळवली आहेत, ध्वनिमुद्रिकेवरून उतरवलेली. ती म्हणाली, "त्यांना प्रॉपर ऐकू गेली पाहिजेत, पण त्रास नको. मग बाकीचे आम्ही नाचणार आहोतच. मला मिक्सरवर तूच हवीस."

अप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ती गेल्यावर म्हणाले, नवे दोन्ही टॉप काढायचे. टॉप म्हणजे वरचे स्पीकर, ज्यांच्या हॉर्नमधून बारीक, उंच आवाज येतो. ते आम्ही अजून कुणाला दिले नव्हते. काका म्हणाले, "जुनेबी घेऊन ठिवू टेंपोत." अप्पा म्हणाले, कशाला? काकांनी ते तरीही चढवले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी हॉलमध्ये सगळं मांडलं. आजोबांचं गाणं सर्वांत महत्त्वाचं म्हणून त्यावरच गेन ठरवला. ती ध्वनिमुद्रणं इतकी क्षीण आहेत की पिवळा दिवा लागायला गेन घड्याळाच्या दोनच्याही पुढे न्यावा लागला. पण लागला. आवाज स्वच्छ. दोन्ही चॅनेल सारखे केले, मास्टरही ठरवला.

आणि मग या वेळी मी बटणांवर चिकटपट्टी लावली. गेनवर, मास्टरवर, दोन दोन पदर. थरथर असो, टेबल कललेलं असो, आता काही हलणार नाही. काकांना आणि मंजुनाथला स्पष्ट सांगितलं की उद्या कुणीही याला हात लावायचा नाही.

काका बराच वेळ पट्टीकडे बघत राहिले. मग विचारलं, "सगळी गाणी याच्यावरच?"

मी हो म्हटलं.

"नवीबी?"

मी त्यांना सांगितलं की एकदा माप नीट ठरलं की ते सगळ्यांना सारखंच लागू असतं, नाहीतर मापाला अर्थ काय. ते काहीतरी बोलणार होते. अप्पा तिथेच केबल गुंडाळत उभे होते. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सरी."

त्यांना पटलं असं वाटलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

क्रमाने लिहिते. नाहीतर मला कळणारच नाही.

अकराला कार्यक्रम सुरू झाला. आजोबांची गाणी आधी. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते. ते मांडीवर बोटांनी ताल धरत होते. दुसऱ्या गाण्याला त्यांनी प्रणिताचा हात धरून बसल्या बसल्या खांदे हलवले आणि सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. हे सगळं खरंच झालं. याला साक्षीदार आहेत.

मग मंजुनाथने नवं गाणं लावलं. सगळे उठून नाचायला आले. आवाज मोठा होता, खरखरीत होता. मला वाटलं लोक ओरडताहेत म्हणून तसं वाटतंय. मिक्सर हॉलच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये नाचणारी माणसं, दिवे दिसत नव्हते. मी जायला हवं होतं. पण बटणांवर पट्टी आहे, तर बिघडणार काय, असं मनात आलं. ते वाक्य मला आठवतं आहे.

तिसऱ्या नव्या गाण्यात डाव्या टॉपमधून जळका वास आला आणि हॉर्न बंद पडला. मी धावले. पोचेपर्यंत उजवाही गेला. गाणं चालू होतं, पण गोधडीखालून आल्यासारखं. नुसता धपधप बेस. दिव्यांची रांग वरपर्यंत लाल, आणि ती खाली येतच नव्हती. मंजुनाथने फेडर खाली घेतला होता तरी लालच, कारण ते दिवे गेनवरून आत शिरणारा आवाज दाखवतात. तो म्हणाला, फाटलेलंच आत येतंय, मी काय करू?

काका तिथेच होते. हात पाठीमागे बांधून. ते पुढे आले, एका ओढीत पट्ट्या काढल्या, गेन खाली घेतला, गाणं थांबवलं आणि टेंपोकडे निघाले. दहा-बारा मिनिटांत जुने टॉप जोडून कार्यक्रम पुन्हा सुरू झाला. एवढ्या वेळात आजोबा दोनदा म्हणाले, "संपलं का?" प्रणिता माझ्याशी बोलली नाही.

मग अप्पा आत आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. सगळ्यांसमोर, मंजुनाथसमोर, प्रणिताच्या काकांसमोर, कृष्णाजीकाकांना म्हणाले, "सव्वीस वर्षं झाली, एवढं कळत नाही? लक्ष कुठं होतं तुझं?"

काका म्हणाले, "चुकलं, यल्लाप्पा."

त्यांनी काढलेल्या पट्टीचे तुकडे मी टेबलावरून उचलले होते, ते माझ्या बोटांना चिकटले होते. मी तिथेच उभी होते. मी काही बोलले नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

हॉर्न उघडले. आतल्या पडद्याची तार काळी पडली आहे. दोन्हींची. अप्पा म्हणाले, तुझी काही चूक नाही, माल आता असाच येतो.

दुपारी दुकानात मी दोन्ही गाणी त्याच गेनवर पुन्हा लावली, स्पीकर न जोडता, नुसते दिवे बघत. जुनं गाणं पिवळ्याला टेकतं. नवं लावलं की पहिल्या ठोक्यालाच लाल, आणि मग लालच. दोन गाण्यांत एवढं अंतर आहे. नवी गाणी आधीच ठासून भरलेली असतात, त्यांना गेन निम्म्यानेही लागत नाही. हे मी काल सकाळी फक्त एकदा करून पाहिलं असतं तर!

पण मग बारशाला काय झालं? कॉलेजात काय झालं? तिथेही जुनी आणि नवी गाणी होती. तिथेही मी गेन एकदाच ठरवला होता. तिथे का फाटलं नाही?

काका आले नाहीत.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आजही नाहीत. फोन उचलत नाहीत. शिवरात्र आहे म्हणून नसतील आले, असं आई म्हणाली. काल तर शिवरात्र नव्हती.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मंजुनाथला गाठलं. सरळ विचारलं, बटणं कोण हलवत होतं?

तो आधी बघतच राहिला. मग म्हणाला की कृष्णाजी अंकल हलवत होते, आणखी कोण? प्रत्येक गाण्याला. गाणं बदललं की गेन, हॉल भरला की मास्टर. तुम्ही वळलात की लगेच, आणि तुम्ही यायच्या आत हात पाठीमागे. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. घरातला मामला आहे म्हणून मी मध्ये बोललो नाही."

आणि फोम?

"फोमच्या दिवशी मला फार हसू आलं, अक्का. सॉरी."

मी घरी चालत आले. वाटेत बसस्टॉपवर बराच वेळ बसले. तिघांनी चांगलं म्हटलेला तो आवाज माझा नव्हता. मी ज्या दुकानाचं स्वप्न बघत होते, ज्याचा आवाज कधी फाटत नाही, ते आमचंच होतं, आणि मी यायच्या आधीपासून तसंच होतं. मग माझ्या लहानपणापासून मला लाल दिवाच का दिसत आला? की मी तेवढाच बघत होते?

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

अप्पांना विचारलं. ते दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसले होते.

ते लपवायला गेले नाहीत. म्हणाले, "मीच सांगितलं होतं कृष्णाजीला. पोरीला चुकलीस म्हणायचं नाही. चारचौघांत तर नाहीच. काय असेल ते गुपचूप नीट कर."

"का पण?"

"पंधरा-सोळा वर्षं शिकलीस, ती कुणाचं ऐकून घ्यायला?"

"मग मी शिकणार कशी, अप्पा?"

त्यांनी भिंतीकडे हात केला. "शिकलीस की. फोटो आहे."

मला हसू आलं आणि रडूही. मी म्हटलं, काकांना तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. ते म्हणाले, त्याला सवय आहे. 

आईला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यांना लोक अजून 'ए साउंड, इकडं ये' म्हणून हाक मारतात. तुला कुणी तसं म्हणू नये, एवढंच त्यांच्या डोक्यात आहे." हे मी रोज ऐकते. 'ए साउंड.' ती हाक आहे हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

२ मार्च, रविवार

के. आर. पुरमला गेले. काका तिथे मुलीकडे, सुनंदाकडे राहतात. रेल्वे स्टेशनच्या मागे, तिसऱ्या मजल्यावर. दार सुनंदाने उघडलं. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी असेल. म्हणाली, "या. बाबांना आराम दिलात, फार बरं केलंत. आता दिवसभर भिंतीकडे बघत बसतात." आणि चहा ठेवायला गेली.

काका बिछान्यावर बसले होते. मी उभी राहूनच सांगितलं, सुनंदालाही ऐकू जाईल असं, की चूक माझी होती आणि तिथे बोलायला हवं होतं, तर मी बोलले नाही. ते म्हणाले की तुम्ही बोलला असतात तर यल्लाप्पाचं नाक कापलं गेलं असतं, बरंच झालं.

मग मी विचारलं, "पट्टी लावली तेव्हा तुम्हाला माहीत होतं, असं होणार?"

 चहा आला, त्यांनी कप हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला.

"व्हय."

"मग?"

"दुसरं नवं गाणं लागलं तवा हात उचलला होता मी. मग मनात आलं, पाडव्यानंतर मी नसणार. तवा कोण येणार हाय? एकदा होऊ दे. तिलाबी कळू दे, यल्लाप्पालाबी कळू दे." त्यांनी मान खाली घातली. "हॉर्न माझ्यामुळं गेले, ताई. तुम्ही नुसती पट्टी लावली. मी बघत उभा राहिलो."

आपण या माणसाला आराम देत होतो असं मी समजत होते. मी कंपनीला ईमेल लिहीत होते तेव्हा हे के. आर. पुरमहून दोन बस बदलून जुना मिक्सर पुसायला येत होते.

मला त्यांचा राग यायला हवा की नको, ते कळेना. अजूनही कळत नाही. त्यांनी महिनाभर मला सांभाळलं आणि एक दिवस पडू दिलं. मी त्यांना एक दिवसही सांभाळलं नाही. बेरीज काय होते?

मी म्हटलं, परत या. आणि चुकलं की सांगा. त्याच वेळी, जे कोण समोर असतील त्यांच्यासमोर.

ते म्हणाले, यल्लाप्पा चालू देणार नाही. मी म्हटलं, अप्पांशी मी बोलेन. सुनंदा दारात उभी होती. ती म्हणाली, "बोलून आधी कळवा. मग पाठवते."

४ मार्च, मंगळवार

दोन गोष्टी केल्या. प्रणिताला फोन करून सांगितलं की हॉर्न माझ्या चुकीमुळे गेले, कृष्णाजीकाकांच्या नाही, आणि तुमच्या काकांनाही हे सांगा. ती म्हणाली, आजोबा घरी गेल्यावर विचारत होते की तो मागे हात बांधून उभा होता तो माणूस कोण.  आजोबांना काय दिसलं होतं?

दुसरी गोष्ट अप्पांची. मी सांगितलं की पाडव्याला मी खुर्चीवर बसणार नाही. मिक्सर काकांचा. मी शेजारी उभी राहीन, ते म्हणतील तोवर. अप्पा म्हणाले की गल्लीत सगळ्यांना सांगून झालंय. मी म्हटलं, मग पुन्हा सांगू. ते जेवले नाहीत. आईने ताट झाकून ठेवलं.

५ मार्च, बुधवार

अप्पा सकाळी लवकर बाहेर पडले. कुठे, ते आईला सांगितलं नाही. दुपारी परत आले तेव्हा चपला धुळीने भरलेल्या होत्या. मला म्हणाले, "रविवारी कृष्णाजी येतोय," आणि आत जाऊन जेवायला बसले. सुनंदाला मी अजून कळवलंही नव्हतं.

९ मार्च, रविवार

चामराजपेटेतच साखरपुडा, दुपारचा. काका टेंपोतून उतरले आणि अप्पांशी काही न बोलता सरळ मिक्सरकडे गेले.  दोघांनी मिळून टॉप उचलून स्टँडवर चढवले, जुनेच, आणि चढवताना एकमेकांना "स्वल्प वर, स्वल्प डावीकडं" एवढं म्हणाले.

काकांनी मला मिक्सरसमोर उभं केलं आणि स्वतः मागे राहिले. जेवणं सुरू होती, हॉल भरलेला. मंजुनाथने जुन्या गाण्यावरून नवं आणलं. मी दिव्यांकडे बघत होते. पिवळ्याला टेकत होतं, सगळं बरोबर होतं. पुस्तिकेप्रमाणे बरोबर होतं.

"कस्तुरे," काका म्हणाले. मोठ्याने. लहानपणी दुकानातल्या केबलमध्ये मी पाय अडकवायची तेव्हा म्हणायचे तसं. "काय करतीस? दिवं काय बघतीस? ती म्हातारी बघ तिकडं, कान धरून बसलीया. कमी कर."

मंजुनाथने मान वळवली. वाढपी थांबले. मुलीचे वडील आमच्याकडे बघू लागले. माझे कान तापले, डोळ्यांत पाणी आलं, आणि का आलं ते मला नीट सांगता येणार नाही. दाराशी अप्पा होते. ते दोन पावलं पुढे आले. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. अप्पा थांबले, मग वाकून एक सुटी केबल उचलली आणि ती गुंडाळू लागले.

मी कमी केलं.

"आणखी."

आणखी केलं. म्हातारीने कानावरचा हात काढला आणि शेजारणीकडे वळून काहीतरी विचारलं. काय विचारलं ते इतक्या लांबून ऐकू आलं नाही, पण शेजारणीला आलं, कारण ती हसली.

"आता सोड," काका म्हणाले. "आणि पुढचं गाणं यायच्या आत सांग मला, ते याच्यापरास जोरात शिरणार का हळू."

मला सांगता आलं नाही. त्यांनी पुन्हा रागावून सांगितलं.